हेडलाइट घासले ती आखाजी

गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता, आबांच्या गाडीचे दोन्ही हेडलाइट घासून, पुसून, वर संरक्षक थर मारून पूर्ण झाले. काम घरच्याच गोठ्यात झालं. त्याला अडीच तास लागले.

आबा म्हणजे माझे वडील. वय पंच्याहत्तर. गाव जामनेर तालुक्यातलं. आई त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. तिचं माहेर धुळे जिल्ह्यात, नरडाण्याजवळ. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहा ते दहा, जळगावच्या एका रुग्णालयात तिचं डायलिसिस असायचं. गावाहून सव्वा तासाचा रस्ता. पहाटे साडेचारला गाडी अंगणातून निघायची आणि ती आबाच चालवायचे. उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला लागतं, म्हणून ही वेळ त्या घरात कधी चुकत नव्हती. लग्न, मयत, पाऊस, सगळं या तीन पहाटांच्या मागेपुढे बसवलेलं असायचं.

या वर्षीची आखाजी परवा आहे. ऊन गेल्या वर्षीसारखंच आहे.

मी धुळ्याच्या एका वृत्तपत्रात उपसंपादक आहे. एप्रिल मध्यावर आला की आमच्या कचेरीत पहिल्या पानावर पाऱ्याची चौकट जायला लागते. छायाचित्रकार दरवर्षी तीच छायाचित्रं आणतो: रुमालाने तोंड बांधलेली मुलगी, रसवंतीपुढे टेकवलेली सायकल, ओलं गोणपाट पांघरलेली म्हैस. आकडा बदलतो, ओळी त्याच राहतात. रस्ते ओस पडले. नागरिक हैराण. इतक्या वर्षांत त्या चौकटीखाली एक गोष्ट कधी लिहिली गेली नाही. ऊन उभ्या गाड्यांच्या दिव्यांनाही लागतं.

हेडलाइटच्या पुढच्या भागाला सगळे काच म्हणतात. आताच्या गाड्यांत ते प्लॅस्टिक असतं. कारखान्यातून येताना त्यावर एक पातळ थर दिलेला असतो. आमच्याकडचं ऊन तो थर चार-पाच वर्षांत खातं. मग प्लॅस्टिक पिवळं पडतं, त्यावर केसासारख्या बारीक चिरा जातात, आणि आतला दिवा धडधाकट असूनही बाहेर पडणारा उजेड अर्धा होतो. आबांची पांढरी गाडी जुनी होती. शिवाय गाडीचं तोंड उगवतीला हवं, दक्षिणेला तर मुळीच नको, हा त्यांचा नेम. अंगणात ती रोज पूर्वेकडे तोंड करून उभी राहायची आणि अकरा वाजेपर्यंतचं ऊन समोरून घ्यायची.

"आबा, गाडी काय सूर्यनमस्कार घालणार आहे का?" असं सुनंदा विचारायची. सुनंदा म्हणजे माझी धाकटी बहीण, भुसावळला रेल्वे कॉलनीत राहते.

"घालीन तर घालीन. तू तरी घालते का कधी?" आबांचं उत्तर ठरलेलं असायचं.

दिवे पिवळे पडल्यावर आबांनी त्यांना सरकीचं तेल लावलं होतं. तेलाने दोन दिवस झळाळी येते. तिसऱ्या दिवशी त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या बाजूने वाऱ्यावर येणारी कापसाची बारीक तूस चिकटते. तरी गावात निम्म्या गाड्यांना हेच तेल लावतात, कारण ते घरात असतं. टूथपेस्टही घासून झाली होती. एका गॅरेजवाल्याने मशीन फिरवून दिवे लखलखीत करून दिले, ते दोन महिने टिकले. त्याने पिवळा थर काढला, पण नवा थर चढवला नाही. उघडं पडलेलं प्लॅस्टिक पहिल्यापेक्षा लवकर पिवळं झालं.

चैत्रात आबांचा फोन आला. "भो, दिवे बेकार झाले. पहाटचं दिसूनच नाही राह्यलं. काही करता येत असलं तर पाहा."

मी पुढच्या भेटीत दिवे पाहिले. ते खरोखरच पिवळे होते. बातमी दुसऱ्या सूत्राकडून तपासून घ्यावी, हे उमेदवारीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं. मी तपासणी दिव्यांपाशी केली आणि तिथेच थांबलो.

त्या मंगळवारी आई-आबा रुग्णालयातून साडेअकराला परतले. बुधवार मोकळा होता, गुरुवारी पहाटे पुन्हा निघायचं होतं. थर वाळायला पूर्ण एक दिवस लागतो. म्हणून मंगळवारची दुपार ठरली. दोन गायी बाहेर बांधून गाडी गोठ्यात घेतली, कारण तापलेल्या प्लॅस्टिकवर थर मारला तर त्याला फोड येतात. तासभर गाडी सावलीत निवू दिली. मग दिवे धुतले आणि भोवतीच्या रंगावर कागदी चिकटपट्टी लावली, नाहीतर घासताना गाडीचा रंगही निघतो.

पहिला कागद आठशे नंबरचा. हा काळा, पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद. आडवं घासायचं, हात हलका ठेवायचा, पाणी सतत सोडायचं. पहिलं पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं निघालं. ते बंपरवरून ओघळून गोठ्याच्या मातीत जात होतं. पाणी पांढरं येऊ लागलं की पिवळा थर संपला. मग पंधराशेचा कागद, उभा. मग दोन हजार, पुन्हा आडवा. शेवटी तीन हजार. प्रत्येक वेळी दिशा बदलायची ती आधीचे ओरखडे उरले का ते दिसावं म्हणून.

आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. डायलिसिसच्या दिवशी तिचा चेहरा राखेसारखा होतो आणि बोलणं कमी होतं. दिवसभरात तिला मोजून एक तांब्या पाणी. पंचेचाळीसला टेकलेल्या उन्हातही एकच. तो तांब्या झाकून तिच्या उशाशी ठेवलेला असायचा. ती घोट घेण्याऐवजी बोट बुडवून ओठांवर फिरवायची. त्या दुपारी तिची नजर बादलीवर होती. तीन बादल्या झाल्यावर ती म्हणाली, "किती पानी पी राहिना रे तो लाइट! माले ते दिनभरमा एक तांब्या."

सुनंदा हसली. आखाजीला ती दरवर्षी माहेरी येते, तशी आदल्याच रात्री आली होती. आबाही हसले. आईसुद्धा हसली. कोणी पाणी कमी केलं नाही. कमी केलं असतं तर कागद कोरडा लागून प्लॅस्टिक ओरबाडलं असतं.

तिसऱ्या कागदानंतर दिवे पांढरेफटक दिसू लागले. भांड्यावर वाफ धरावी तसे. इथे पहिल्यांदा काम करणारा घाबरतो.

"हे काय केलं, भो?" आबा वाकून म्हणाले. "आधी अंधुक का होईना उजेड पडत होता. आता तर दिव्यांना मोतीबिंदूच केला तू!"

"थांबा आबा, ऑपरेशन बाकी आहे," सुनंदा म्हणाली.

मग पॉलिशचा लगदा सुती फडक्यावर घेऊन गोल गोल घासला. पाचव्या-सहाव्या मिनिटाला आतला आरसा दिसायला लागला. आबांनी उजव्या दिव्यात स्वतःचं तोंड पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला. त्यानंतर स्पिरिटने पुसून तेलकटपणाचा अंश काढला आणि फवाऱ्याच्या डब्यातून थर मारला. हे काम पुष्कळ लोक टाळतात आणि त्यामुळेच बाकीची मेहनत वाया जाते. घासण्याने फक्त खराब झालेलं निघून जातं. उरलेलं वाचवायचं तर उन्हाला अडवणारा थरच लागतो. एक वीत अंतरावरून तीन पातळ थर, मध्ये दहा-दहा मिनिटं. साडेतीनला तिसरा थर झाला. उद्या दुपारपर्यंत हात, पाणी, ऊन काहीही लागू द्यायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.

आई तेव्हा झोपली होती.

दिवेलागणीला ती उठली. देवापाशी दिवा लावला, तुळशीपाशी उदबत्ती लावली आणि हातात हळदीकुंकवाचा करंडा तसाच घेऊन गोठ्यात गेली. गाडी नवीन असो की दुरुस्त होऊन आलेली, पहिल्यांदा रस्त्यावर जाण्याआधी तिला हळदकुंकू लावायचं ही आमच्याकडची रीत. आईने दोन्ही दिव्यांवर एकेक बोट हळद आणि एकेक बोट कुंकू लावलं. थर अजून ओला होता. बोटाच्या रेषांसकट ते त्यात बसलं.

सुनंदा ओरडली, "आई! त्याला हात लावायचा नव्हता ना!"

"माले कोनी सांगं?" आई म्हणाली. मला कोणी सांगितलं, असं. ती खरं बोलत होती. सांगितलं तेव्हा ती जागी नव्हती.

पुसायला गेलं असतं तर सगळा थर फाटला असता. आबा म्हणाले, "राहू दे. दिव्याला लावलं, कोणाच्या डोळ्यात तर नाही घातलं."

दुसऱ्या दिवशी आखाजी झाली. मातीच्या घागरीवर लोटा, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, पितरांचं पान. खापरावरच्या पुरणपोळ्या सुनंदाने केल्या, कारण आईचा डावा हात डायलिसिसच्या सुयांसाठी राखलेला. त्याला वजन उचलायची बंदी. आमरसाचं पातेलं ओसरीत होतं. आंबा तिला वर्ज्य, आणि केळीही वर्ज्य, चारही बाजूंना केळीच्या बागा असलेल्या गावात. ती पातेल्याजवळ बसून सगळ्यांना वाढत होती. निंबाला बांधलेल्या झोक्यावर गल्लीतल्या माहेरवाशिणी गात होत्या. आईने तिथूनच एका गाण्याच्या चुकलेल्या ओळी दुरुस्त केल्या. दुपारी आबांनी चारदा गोठ्यात जाऊन दिवे पाहिले. आखाजीबद्दल इतकंच नीट आठवतं. बाकीचं पुढच्या पहाटेने पुसलं.

गुरुवारी साडेचारला गाडी निघाली. आबा गाडी चालवत होते, आई शेजारी, मी मागे. दिवे कसे पडतात ते पाहायला मी गेलो होतो. ते चांगले पडत होते. उजेड पांढरा होता, कडा स्वच्छ होत्या. आईच्या बोटांचे ठिपके रस्त्यावर दोन फिकट डागांसारखे पडले होते, पण कशाच्या आड येत नव्हते. लांबच्या निंबाच्या बुंध्याला मारलेला चुना आणि लाल पट्टा स्पष्ट दिसत होता. पहिली दहा मिनिटं मी काम फत्ते झाल्याच्या समाधानात होतो.

आई बोलत होती. तिला गाडीत बोलायची सवय आहे, असंच आम्ही सगळे समजत होतो.

"समोर ट्रॅक्टर शे. ट्रॉलीले लाइट नही."

आबांनी वेग कमी केला.

"डावीकडथून म्हैस ई राहिनी."

आबा थांबले. म्हैस डावीकडून येऊन दिव्यांसमोरून गेली.

"आते पूल. खड्डा शे, जरा उजवी बाजूले ल्या."

आबांनी गाडी उजवीकडे घेतली.

हे बोलणं गप्पांच्या सुरात होतं. त्यात घाई नव्हती. मध्येच ती भाच्याच्या लग्नाचं काही सांगायची आणि त्याच दमात डावीकडच्या मोटरसायकलचं. पुढच्या पंधरा मिनिटांत तिने डावीकडचं नऊ वेळा सांगितलं, उजवीकडचं दोनदा. मी मोजायला सुरुवात केली तेव्हा का मोजतोय ते मला माहीत नव्हतं.

नेरीच्या अलीकडे आईला ठसका लागला. तोंडात ठेवलेली लवंग घशात गेली होती. ती वाकून खोकत राहिली. समोर डाव्या अंगाला एक बैलगाडी चालली होती, मागे लाल चकत्या लावलेली. त्या चकत्या दिव्यांच्या उजेडात केव्हाच्या चमकत होत्या. आमची गाडी सरळ तिच्याकडे जात होती. मी ओरडलो. आबांनी चाक उजवीकडे ओढलं. डावा आरसा बैलगाडीच्या फळीला लागून मिटला.

आबांनी गाडी उभी केली. "कुठून आली ही?" त्यांनी विचारलं.

बैलगाडीवाला मागून शिव्या देत आला, आतली म्हातारी खोकताना पाहून गप्प झाला, आरसा स्वतःच सरळ करून निघून गेला. आई म्हणाली, "चाला आते. सव्वापाच व्हयनात." आणि पुढचा सगळा रस्ता तिने पुन्हा सांगत नेला.

आमच्या कचेरीत अपघाताच्या बातमीसाठी एक ठरलेली ओळ आहे. वळणाचा अंदाज न आल्याने. अंधारात समोरचे वाहन न दिसल्याने. बातमीदार ती पाठवतात, आम्ही तशीच सोडतो. ती ओळ हाताखालून किती वेळा गेली ते सांगता येणार नाही. का दिसलं नाही, हा प्रश्न आजवर समासात लिहून परत पाठवल्याचं आठवत नाही.

सहा वाजता आईला मशीन लागलं. आबा खाली चहाला गेले. आईच्या हातातून रक्ताच्या दोन नळ्या निघून मशीनकडे जात होत्या. मी विचारण्याआधी तीच बोलली.

"तूले समजी गयं ना?"

"कधीपासून आहे हे?"

"दसरापासून." मग थांबून म्हणाली, "डावीकडलं त्यासले दखास नही." आबांना डावीकडचं दिसत नव्हतं. " आधी माले वाटे, ध्यान नही. मंग समजनं."

"त्यांना माहीत आहे?"

"त्या म्हनतस, दिवा खराब शेतस." दिवे खराब आहेत, असं ते म्हणतात. "म्हनीसन तूले बलायं."

"आई, कोणी मेलं असतं आज."

"हां." तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "भाऊ, सुनंदाले सांगू नको. गाडी बंद व्हयनी ते मन्हं बठ्ठंच बंद व्हई." गाडी बंद झाली तर माझं सगळंच बंद होईल, असं.

परत येताना ऊन होतं. डायलिसिसनंतर आईच्या अंगात त्राण नसतं, त्या वेळी झोप येतेच. ती झोपली नाही. साडीचा पदर डाव्या मुठीत आवळून ती डोळे ताणून रस्त्याकडे पाहत होती आणि बारीक आवाजात सांगत होती. ट्रक. सायकल. शेळ्या. सात महिने, आठवड्यातून तीनदा, जाताना आणि येताना तिने हेच केलं होतं.

अकरा दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. त्या अकरा दिवसांत आई पाच वेळा डायलिसिसला गेली. बाराव्या दिवशी धुळ्याहून मी सुनंदाला फोन केला. ती पहिल्यांदा म्हणाली, "तुला अकरा दिवस झोप कशी लागली, दादा?" आणि मग पुढच्या गाडीने गावी गेली.

डोळ्यांची तपासणी जळगावला झाली. अंधाऱ्या खोलीत एका अर्धगोल भांड्यासमोर हनुवटी टेकवून बसायचं, आत उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. बाहेरच्या बाकावर त्या बटणाचा आवाज येत होता. टक. टक. मग लांब शांतता. मग टक. डाव्या डोळ्याचा जो कागद छापून आला, त्याचा मोठा भाग काळा होता. उजव्याचीही कड काळी पडायला लागलेली.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाल्या.

"मोती म्हणा न," आबा म्हणाले. "मोती काढता येतो."

"मोती नाही, काका. डोळ्याची मागची नस सुकत चालली आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची. त्यासाठी थेंब, दिवसातून चार वेळा, जन्मभर. एक वेळही चुकवायची नाही. आणि गाडी चालवायची नाही."

"कधीपर्यंत?"

डॉक्टरांनी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने खिडकीकडे.

घरी आल्यावर आबांनी किल्ली खुंटीला लावली नाही, माझ्या हातात दिली. म्हणाले, "मग दिवे कशाला घासले, भो?" त्यात राग नव्हता. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं.

आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ताट वाढताना बोलली, मिठाबद्दल.

त्यानंतर जे करून पाहिलं ते असं. पहिला चालक नऊ दिवस आला आणि लग्नसराईच्या गाडीवर गेला. दुसरा दोनदा उशिरा आला. दोन्ही वेळा आईचं मशीन दुसऱ्याला लागलं आणि ती आठ तास बाकावर थांबून राहिली. पहिली एसटी जळगावला सातनंतर पोचते. दुपारच्या पाळीत जागा नव्हती, अजूनही नाही. संजू हा आमचा चुलतभाऊ. तो मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे भाजी घेऊन जळगावच्या बाजारात जातो. त्याने स्वतःहून सांगितलं, "काकू मह्या केबिनमध्ये बसतीन. मेथीचा वास सोसला म्हणजे झालं." तेव्हापासून मंगळवार आणि गुरुवार त्याच्याबरोबर जातात. शनिवारी बाजार नसतो. सुनंदाच्या यजमानांनी भुसावळहून येऊन तेरा शनिवार नेलं, मग त्यांची ड्युटी बदलली. मी सात शनिवार नेलं. आमच्या कचेरीत साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते.

सुनंदा म्हणाली, आईला भुसावळला आणू, तिथे मशीन मिळवू. तिने खोलीही रिकामी केली. आईने एकच विचारलं, "आनि थेंब?"

आबांचा हात कापतो. त्यांनी स्वतः टाकलेला थेंब गालावर पडतो. आई त्यांना खाटेवर बसवते, मान मागे करायला लावते, उजव्या हाताच्या अंगठ्याने खालची पापणी ओढते. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. ज्या दिवशी ती जळगावला असते त्या दिवशीचे सकाळचे आणि दुपारचे थेंब शेजारची सून टाकते, आणि आई परतल्यावर बाटली उजेडाकडे धरून पाहते, खरंच टाकले का.

"आबांनाही घेऊन ये," सुनंदा म्हणाली.

"मी काय तिथं क्वार्टरात भिंती पाहू?" आबा म्हणाले. "इथं दिसत नसलं तरी माहीत तरी आहे, काय कुठं आहे."

श्रावणात आईचे दोन शनिवार चुकले. दिवाळीनंतर सहा. अंगात पाणी साठतं, पायांवर सूज येते, बोट दाबलं की खळगा राहतो. तांब्याच्या जागी पेला आला. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं की दोन वेळा पुरेसं नाही. आईने ऐकून घेतलं. परत आल्यावर तिने आबांना सांगितलं, की डॉक्टर म्हणाले ठीक आहे.

आज दुपारी मी गावी पोचलो. गाडी गोठ्यात, जुन्या फ्लेक्सखाली झाकलेली आहे. तोंड पूर्वेला. दर रविवारी आबा फ्लेक्स काढून ती धुतात. दिवे हाताने चाचपत पुसतात. वर्ष झालं, दिवे पिवळे पडलेले नाहीत. एकदा थर मारला आणि गाडी सावलीत राहिली तर ते दोन-तीन उन्हाळे टिकतात. त्यानंतर पुन्हा हलकं घासून नवा थर द्यावा लागतो. सुनंदा उद्या येते आहे. गोठ्याच्या दारात नवी घागर आणून ठेवली आहे.

मी आलो तेव्हा बारा वाजले होते. आबा खाटेवर मान मागे टाकून बसले होते. आई बाटली उलटी धरून उभी होती.

"हलू नका," ती म्हणत होती. "वर दखा. वर."

"वरच पाहून राह्यलो. छत दिसून राह्यलं."

"कितलं?"

"मधलं," ते म्हणाले.

थेंब पडला. आईने पदराने त्यांचा गाल टिपला, दुसरा डोळा उघडला, आणि मग मला म्हणाली, "बैस भाऊ. उनमातून उनास." उन्हातून आलास, असं.

जेवण झाल्यावर सुनंदाचा फोन आला. रुग्णालयातून तिला कळलेली माहिती तिने वाचून दाखवली. गेल्या महिन्यात आईने एका कागदावर सही केली आहे. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस आवश्यक असल्याचं समजावून सांगितलं आहे, तरी मी स्वतःच्या इच्छेने दोनच वेळा येणार आहे, असा त्यावर मजकूर आहे. साक्षीदार म्हणून संजूची सही आहे. मी संजूला विचारलं. सही आपलीच असल्याचं त्याने सांगितलं. मग रुग्णालयात फोन केला. तिथल्या नोंदवहीवरच्या परिचारिकेने दुजोरा दिला. गेल्या आठवड्यापासून शनिवारचं सहाचं मशीन दुसऱ्या रुग्णाला देण्यात आलं आहे.